बळदाचं बेसमेंट

आमच्या घराला बेसमेंट आहे ही बातमी आम्हाला मुलाच्या आर्किटेक्ट मित्रानं दिली. तोवर चार पिढ्या आम्ही त्याला बळद म्हणत होतो. नुसत्या शब्दानं किती फरक पडतो पाहा. बळद झाडायला मजूर अर्ध्या रोजात येतो. तेच 'बेसमेंट रिनोव्हेट' करायचं म्हटलं की आधी कोटेशन येतं, आणि त्या कोटेशनच्या कागदावरसुद्धा कोपऱ्यात एका झाडाचं चित्र असतं.

घर सेलूचं, जुन्या वस्तीतलं. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत लाकडी झाकण उचललं की नऊ पायऱ्या उतरून बारा बाय सोळाची खोली. आमच्याकडे ज्वारी ठेवायच्या दोन जागा होत्या. जमिनीत खोल खणलेलं पेव आणि घरातलं बळद. पेव उघडल्यावर कोणी शहाणा माणूस लगेच आत उतरत नसे. कोंडलेलं धान्यही श्वास घेतं आणि आतली हवा खाऊन टाकतं. म्हणून आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर थांबायचं, जळत राहिला तर उतरायचं. आमच्या आजोबांचा टेस्टर तो. तेव्हा खालचा दिवा विझला की माणसं घाबरायची. आता दिवा विझला की आम्ही "गेली वाटतं" म्हणून आहोत तिथंच बसून राहतो.

हे बळद ज्वारीनं कधीच सोडलं. ज्वारीच्या 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' अशा भारदस्त नावांच्या जाती परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढल्या, पण आमच्या घरी ज्वारी येते ती पाच किलोच्या पिशवीतून, आणि पाच किलोसाठी कोणी नऊ पायऱ्या उतरत नाही. खाली उरलं होतं ते असं: तीन पितळी हंडे, दोन मोडके पाळणे, आणि 'असू द्या, लागतं' या सदरातलं बाकी सगळं.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. मुलाला घरून काम करायची परवानगी मिळाली आणि मे महिना आला. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा ४४-४५ला टेकतो. कूलर गरम हवेला ओला रुमाल बांधून परत पाठवतो, एवढंच. अशा एका दुपारी पोरगं हंडा आणायला खाली गेलं ते वर येईना. जाऊन पाहिलं तर मोडक्या पाळण्याला टेकून, डोळे मिटून बसलेलं. म्हणाला, "बाबा, इथं एसी आहे!"

एसी नव्हता. अडीच हात रुंदीची भिंत होती आणि भोवती काळी जमीन होती. जमिनीखाली गारवा शोधायची खोड आमच्या मुलखाला जुनीच आहे. जिंतूरजवळ नेमगिरीला जैन मूर्ती डोंगराच्या पोटातल्या भुयारांत आहेत. दारं इतकी ठेंगणी की नमस्कार करायचा मनात नसला तरी घडतो. आमच्याच तालुक्यात वालूरला बारवा आहेत. त्यांतल्या एकीच्या पायऱ्या गोल वळसे घेत पाण्यापर्यंत उतरतात. गावकऱ्यांनी गाळ उपसून ती मोकळी केली, तेव्हा लांबलांबून लोक पाहायला आले. ज्यांनी हे सगळं खोदलं, बांधलं, त्यांतल्या एकालाही पंधरा अँपिअरचा पॉइंट लागला नव्हता. आम्हाला लागला.

वायरमनला फोन केला. "निघालो," म्हणाला. पुढच्या सात दिवसांत तो चार वेळा निघाला. मराठवाड्यात 'निघालो' हे क्रियापद गतीचं नाही, सदिच्छेचं आहे. आठव्या दिवशी खरंच आला. आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमनचा ट्रेड केलेला, परवाना असलेला माणूस. परवान्याला चौकट करून दुकानात देवाच्या फोटोशेजारी लावलाय. दोघांनाही रोज सकाळी उदबत्ती.

त्यानं आधी वरचं वायरिंग पाहायला मागितलं. मी जरा संकोचलो. दवाखान्यात दात दाखवायला गेल्यावर होतो तसला संकोच. आमचं वायरिंग लाकडी पट्ट्यांवरचं. काळी गोल बटनं. चिनी मातीचे फ्यूज, ज्यांना सगळा बाजार 'किटकॅट' म्हणतो आणि लहान मुलांची दर वेळी निराशा करतो. वायरमननं एक किटकॅट उपसून पाहिला आणि तो हातात धरून तसाच उभा राहिला. आत फ्यूजच्या तारेऐवजी सायकलच्या ब्रेकची तार होती.

"हे कुणी केलं?"

"मी," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे आमचे वडील, वय वर्षं शहाऐंशी. "बारीक तार सारखी उडायची. ही घातल्यापासून चौदा वर्षं फ्यूज गेला नाही."

"अण्णा, फ्यूज जायालाच असतो. तो मरतो म्हणून घर वाचतं. तुम्ही त्याला अमर केलं. आता मरायची पाळी वायरिंगची हाय."

अण्णांना हे पटलं नाही. चौदा वर्षं इमानानं टिकलेल्या वस्तूचा असा अपमान त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. ती तार त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतली आणि खिशात ठेवली.

खाली उतरल्यावर वायरमननं वरून ओढलेल्या एका जुन्या वायरीला हाताच्या मागच्या बाजूनं हळूच शिवून पाहिलं. मी ओरडलो. तो शांत. "सर, उलटा हात लावला तर झटक्यानं मागं येतो. तळहात लावला तर मूठ आवळती, सुटत न्हाई. ध्यानात ठेवा." आणि मग, "पण तुम्ही करू नका." खिशात टेस्टर होता की! त्याला विचारलं तर म्हणाला, टेस्टर गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असतो. एवढी एक गोष्ट त्याची मला अजिबात आवडली नाही आणि वाचकांनीही तिचं अनुकरण करू नये.

त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "बोला. पाचचे किती, पंधराचे किती?"

इथं थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण या धंद्याची भाषा म्हणजे एक वेगळा प्रांत आहे. सॉकेटवर आता सहा आणि सोळा अँपिअर छापलेलं असतं. पण ते मागितलं की दुकानदार आपल्याकडे नवखा म्हणून पाहतो. बाजारात पाच आणि पंधराच. वायरीची जाडी चौरस मिलिमीटरवर जाऊन युगं लोटली, बंडलावर दीड, अडीच, चार असं ठळक लिहिलेलं असतं, तरी आमचा वायरमन 'तीन बावीस' आणि 'सात वीस' असंच मागतो. तीन बावीस म्हणजे बावीस नंबरच्या तारेचे तीन पदर. आपण दहा ग्रॅम सोनं घेऊन घरी तोळा आणला म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. मापं बदलतात, तोंडं बदलत नाहीत.

मजुरी पॉइंटवर. दिव्याचा एक पॉइंट, पंख्याचा एक पॉइंट, प्लगचा एक पॉइंट. म्हणून पॉइंट ठरवायला रात्री घरची बैठक बसली. माझं असं मत झालंय की कुटुंबातल्या माणसांच्या मनात काय आहे हे पत्रिका पाहून कळत नाही, पॉइंट पाहून कळतं.

अण्णांना एकच दिवा हवा होता. तोही झाकणाजवळ, पहिल्या पायरीवर. "खाली काय वाचायचंय?"

मुलाला टेबलाखाली चार, टेबलावर चार, इंटरनेटच्या डबीला एक, टीव्हीला दोन आणि छताच्या कडेनं फिरणारी एक उजेडाची पट्टी. तिला प्रोफाइल लाइट म्हणतात. उजेड दिसावा पण दिवा दिसू नये, अशी तिची कीर्ती आहे. अण्णा म्हणाले, आमच्या वेळी उलट होतं, दिवा दिसायचा.

सौ.ला इस्त्रीचा एक, शिलाई मशीनचा एक आणि भिंतीशी दोन. "ते कशाला?" "महालक्ष्म्यांच्या मखराला." महालक्ष्म्या आमच्याकडे वर माजघरात बसतात, आजवर कधी बळदात उतरल्या नाहीत. पण भादव्यात पाहुणे वाढले तर, असा दूरचा विचार. त्या 'तर'ला दोन पॉइंट मिळाले.

पुण्याहून वहिनी मोबाइलच्या पडद्यावर हजर होत्या. त्यांनी पलंगाच्या दोन्ही बाजूंना चार्जिंगचे पॉइंट सुचवले. पलंग कुठला? अजून घेतलेला नाही. पण पुढं घेतला आणि पॉइंट नसला तर? चार मिनिटं आम्ही सगळे नसलेल्या पलंगाच्या डाव्या-उजव्या बाजूवर वाद घालत होतो. डावी म्हणजे झोपणाऱ्याची की पाहणाऱ्याची, इथं तो थांबला.

आत्या गंगाखेडच्या. जनाबाईंच्या गावच्या, त्यामुळे देवाशी बोलणं जरा अरेरावीचं. त्यांना घरघंटीसाठी पंधराचा पॉइंट हवा होता. वायरमन म्हणाला, "आत्या, एक घोड्याची मोटर असती, दळण दळायला खाली कशाला उतरता?" आत्यांनी त्याच्याकडे करुणेनं पाहिलं. "जनीच्या जात्यावर दळू लागायला प्रत्यक्ष विठ्ठल आला. तुझ्यानं एक बटन देववत न्हाई व्हय रे?" यावर युक्तिवाद नसतो. पंधराचा पॉइंट मिळाला.

दिवे वगैरे धरून बेरीज झाली एकोणचाळीस. बारा बाय सोळाच्या खोलीत. वायरमननं सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर सगळा नकाशा काढला, लांब धरून पाहिला आणि अगदी सरळपणे विचारलं, "सर, ह्याच्यात माणसं कुठं बसायलीत?"

दुसऱ्या दिवशी झिरी मारायला सुरुवात. झिरी म्हणजे भिंतीत पाइप गाडायला कोरायची चर. विटा-सिमेंटच्या भिंतीत कटरनं दोन रेघा मारायच्या, मधलं छिन्नीनं उडवायचं, झालं. आमची भिंत दगड-मातीची. कटर लावला, धूळ उडाली आणि दोन इंचांच्या झिरीतून घमेलंभर माती खाली आली. मग आणखी एक घमेलं. मग एक दगड, जो माझ्या पणजोबांनी बसवला असावा, निवांतपणे जागचा सरकला आणि वायरमनच्या पायाशी येऊन थांबला. भिंतीत गिट्टी ठोकली तर ती आत जाई आणि परत दिसत नसे. मातीची भिंत फार मायाळू असते. जे द्याल ते पोटात घेते आणि स्क्रूला नाही म्हणते.

आर्किटेक्टला फोन लावला. तो म्हणाला, झिरी नको, पाइप भिंतीवरूनच घ्या, उघडे, लोखंडी, काळे. त्याला 'इंडस्ट्रियल लुक' म्हणतात. हल्ली मोठ्या शहरात हॉटेलवाले मुद्दाम करून घेतात. जरा महाग पडतं. वायरमननं ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मानवतच्या जिनिंगांत हेच हाय की! तिथं त्याला कुणी लुक म्हणत न्हाई. पैसे वाचायला करायलेत."

याच गडबडीत त्या घमेल्यातल्या मातीत छोटूला रुपया सापडला. छोटू म्हणजे वायरमनचा हाताखालचा पोरगा. चांदीचा रुपया, एका बाजूला चारमिनार. निजामाचा हाली सिक्का. छोटूनं तो विडीच्या राखेनं घासला, उन्हात धरला, आणि चौकात चहा आणायला गेला तेव्हा सोबत घेऊन गेला. चहा यायला एक तास लागला. त्या तासाभरात रुपयाचा हंडा झाला, हंड्याला झाकण आलं, झाकणावर नाग बसला.

संध्याकाळपर्यंत घरात बावीस माणसं. यांतल्या निम्म्यांना आमच्याकडे बळद असल्याचं माहीत नव्हतं, पण सोनं असल्याचं पहिल्यापासून माहीत होतं. रझाकारांच्या काळात लोकांनी घरंदारं सोडताना काय काय पुरून ठेवलं, त्याच्या गोष्टी निघाल्या. शेजारच्या वकीलसाहेबांनी १८७८चा कायदा सांगितला. जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. अण्णा म्हणाले, रुपया एकच आहे, नऊ अजून बाकी आहेत. वकीलसाहेब म्हणाले, चांदीचा भाव धरावा लागेल. यावर चांदीचा भाव काय, हा उपविषय निघाला आणि त्यात अर्धा तास गेला.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ कुणातरी पायाळू माणसाला घेऊन आले. पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं असं आमच्याकडे मानतात. बिचारा स्वतः कपाशी विकायला सेलूत आलेला, त्याला बाजारातून उचलून आणलं होतं. तो पायऱ्या उतरायला लागताच वायरमन धावत वर आला.

"थांबा, आधी मेन बंद करू द्या!"

"का?"

"पायाळूवर वीज पडती म्हणतात. हितं एकोणचाळीस पॉइंट हायत."

मेन बंद केला. अंधारात पायाळूला काहीही दिसलं नाही. दिवे लावल्यावरही दिसलं नाही, पण खाली फार गार वाटतंय म्हणून तो पाऊण तास बसला आणि ताक पिऊन गेला.

प्रकरण मिटवलं अण्णांनी. दोन दिवस तो रुपया ते उलटसुलट करून पाहत होते. मग म्हणाले, "हा माझाच आहे." सात-आठ वर्षांचे असताना वडिलांनी वाण्याकडे द्यायला दिलेला रुपया त्यांनी बळदाच्या भिंतीच्या फटीत लपवला होता. त्याचं काय करायचं होतं ते आता आठवत नाही. रुपया फटीतून आत गेला आणि निघेना. घरी हरवला म्हणून सांगितलं. मार मात्र आठवत होता, कुठल्या हातानं बसला तेसुद्धा. वकीलसाहेबांनी विचार करून सांगितलं की मालक हजर असल्यावर कलेक्टरला कळवायचं कारण नाही. अण्णांचा प्रश्न वेगळाच होता. रुपया मिळाला, मग मार परत कसा द्यायचा? त्याला कलम नव्हतं.

वायरिंगकडे येऊ. पाइप लागले, वायरी ओढल्या. लाल, पिवळी, निळी फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला. अर्थिंगचा खड्डा अंगणात. त्यात नळी उभी करून भोवती कोळसा आणि खडेमीठ यांचे थर द्यायचे. छोटू मिठाची गोणी आणि कोळसा घेऊन आला तेव्हा आत्या ओट्यावर होत्या. "मीठ, कोळसा... दृष्ट काढायलात का घराची?" वायरमननं दोन क्षण विचार केला. "तसंच समजा आत्या. घरात शिरलेली बाधा जमिनीत सोडायची." अर्थिंगची याहून सोपी व्याख्या मी विज्ञान शिकवताना बत्तीस वर्षांत केली नाही.

आमची काळी जमीन अर्थिंगला चांगली, पण ओली असली तरच. उन्हाळ्यात ती अशी फाटते की भेगेत हात जातो, आणि कोरड्या मातीतून वीज उतरायला कुरकुरते. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं. त्यामुळे नळाला पाणी आलं की आता आमच्याकडे क्रम असा: पिण्याचं भरायचं, मग अर्थिंग, मग तुळस. तुळशीनं अजून तक्रार केलेली नाही, पण तिचा चेहरा पाहवत नाही.

बोर्डावर नवे एमसीबी बसले आणि त्यांच्या डोक्यावर आरसीसीबी नावाचं एक मोठं बटन. वायरीत किती करंट गेला आणि किती परत आला याचा ते पैशाला पैसा हिशोब ठेवतं. तीस मिलिअँपिअरची तफावत दिसली की पडतं. तीस मिलिअँपिअर म्हणजे किती? नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा याहून जास्त खातो. पण एवढासा करंट माणसाच्या छातीतून गेला तर पुरतो, म्हणून हा चोख हिशोब. चौदा वर्षं न हललेल्या सायकलच्या तारेनंतर आमच्या घरात हे लाजाळूचं झाड आलं. पुढं पहिल्याच पावसात बळदाच्या भिंतीला ओल आली आणि ते दिवसातून तीनदा पडायला लागलं. अण्णा म्हणत, "याच्यात दम नाही." वायरमन म्हणे, "अण्णा, ते पडलं म्हणून तर तुम्ही उभे हायत." एका बोर्डामागची ओली वायर काढून नवी घातली, तेव्हा ते स्थिर झालं.

इन्व्हर्टरची बॅटरी खाली ठेवावी अशी मुलाची सूचना होती, वर अडचण नको म्हणून. वायरमननं साफ नाकारली. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद खोलीत तो साठतो, ठिणगी पडली की संपलं. अण्णांचे डोळे चमकले. "मग कंदील सोडून बघत जा." त्यांना समजावून सांगावं लागलं की हा वायू कंदील विझवणारा नाही, हा कंदिलासकट वाडा पेटवणारा आहे. बॅटरी ओसरीवर आली. आता प्रश्न, इन्व्हर्टरवर कुठले पॉइंट घ्यायचे? तो लहान, एकोणचाळीसांचा भार घेईना. या प्रश्नावर घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. मुलगा आणि सौ. एकमेकांशी दीड दिवस बोलले नाहीत, आत्यांनी गंगाखेडची बॅग भरली. शेवटी ज्याबद्दल कुणाचीच हरकत नव्हती असा एकच पॉइंट निघाला. पायरीवरचा, अण्णांचा दिवा.

बटन दाबायच्या दिवशी नारळ फोडला. वायरमननं मेनवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." बनी. चोवीस दिवे, एक प्रोफाइल पट्टी, टीव्ही, संगणक, सगळं एकदम झळाळलं. ज्या खोलीत पिढ्यान् पिढ्या कुणाला कुणाचं तोंड नीट दिसलं नव्हतं, तिथं आम्हाला एकमेकांच्या नाकावरचे घामाचे थेंब दिसायला लागले.

घामाचे?

मुलानं खाली ताप मोजायचं यंत्र लावलं होतं. काम सुरू व्हायच्या आधी वर त्रेचाळीस, खाली तीस. आता खाली पस्तीस. मी पोत्याच्या कागदावर हिशोब मांडला. चोवीस दिवे नऊ वॅटचे, दोनशे सोळा. संगणक तीनशे, टीव्ही शंभर. आणि आम्ही. माणूस नुसता बसला तरी शंभरेक वॅट उष्णता टाकत असतो. आठजण म्हणजे आठशे. वायरमननं लोड काढताना नातेवाईक धरलेच नव्हते. एकूण चौदाशे वॅट, म्हणजे कडक तापवलेली इस्त्री खोलीच्या मधोमध ठेवल्यासारखं. शिवाय गारवा टिकावा म्हणून पणजोबांनी खिडकी ठेवली नव्हती, त्यामुळे ही इस्त्री बाहेर जाणार कुठून? मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, एक दीड टनी एसी..." त्याच्यासाठी वायरमननं पॉइंट आधीच काढून ठेवला होता. चाळिसावा. "लागतोच सर, सगळ्यांनाच लागतो. म्हणून मी विचारत न्हाई."

तेवढ्यात लाइट गेली.

चोवीस दिवे गेले, पट्टी गेली, संगणक गेला. पायरीवर अण्णांचा एकुलता दिवा तेवढा राहिला. आम्ही उठलो नाही, कारण वर त्रेचाळीस अंश होते. वर गल्लीत नेहमीचा विषय निघाल्याचं ऐकू येत होतं. आपल्याच जिल्ह्यात येलदरीला साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, मग आपलीच लाइट कशी जाते, वगैरे. खाली हळूहळू भिंती पुन्हा आपल्या कामाला लागल्या. पंधरा-वीस मिनिटांत मानेवरचा घाम वाळला. आत्यांनी जात्यावरची एक ओवी म्हटली, सौ.नं वरून कैरीचं पन्हं आणलं, अण्णांनी हाली रुपया काढून नातवाला दाखवला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोरानं मोबाइलमधून मान वर काढून विचारलं, "मग मारलं कशानं होतं?"

तासाभरानं लाइट आली आणि सगळे करवादले.

एसी मी अजून घेतलेला नाही. मुलाचं काम खालीच चालतं, दोन दिव्यांवर. पायरीवरचं बटन खालूनही आणि वरूनही चालतं, त्यामुळे त्याच्या मीटिंगमध्ये अण्णा वरून दिवा घालवतात, वीज वाचावी म्हणून. पलंग आलेला नाही, त्याचे दोन पॉइंट मात्र आहेत. महालक्ष्म्या माजघरातच बसल्या. घरघंटी चालते.

मे महिन्यात सेलूला आलात तर दुपारी घरी या. लाइट असली तर वर बसू, गेली की खाली जाऊ.